दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक माता आमच्याकडे आल्या. त्यांची मुलगी व्हायोलिन शिकत होती आणि परदेशी संगीतसंस्थेची वरच्या श्रेणीची परीक्षा तोंडावर आली होती. "फादर, परीक्षा होईपर्यंत तिला कॉयरमधून मोकळी करा. सगळ्यांबरोबर वाजवून तिचा हात बिघडतो, असं तिचे सर म्हणतात," असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही फारसा विचार न करता होकार दिला. मुलगी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. वार्षिक स्नेहसंमेलनात आम्हीच तिच्या हाती बक्षीस ठेवले. कॉयरमध्ये मात्र ती परत आली नाही.

अलीकडे अमेरिकेतील एका उन्हाळी संगीतशाळेविषयी वाचताना आम्हांला हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवत राहिला. त्या शाळेचे गुणदोष वाचकांपुढे मांडावेत आणि जमल्यास आमच्या त्या होकाराचाही हिशेब करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला जमीन दोन सुळक्यांसारखी समुद्रात शिरली आहे. त्या दोन सुळक्यांच्या मधोमध शेल्टर आयलंड नावाचे लहानसे बेट आहे. पूल नाही, फेरीबोटीनेच जावे लागते. 'पर्लमन म्युझिक प्रोग्रॅम' ही शाळा या बेटावर भरत आली आहे. टोबी पर्लमन यांनी ती १९९४ साली स्थापन केली. बारा ते अठरा वर्षांची, व्हायोलिन, व्हिओला, चेलो व डबल बास वाजवणारी चाळीसेक मुले निवडून घ्यावयाची आणि उन्हाळ्याचे काही आठवडे त्यांना एकत्र ठेवून शिकवायचे, असे तिचे स्वरूप आहे. टोबी स्वतः व्हायोलिनवादक. त्यांचे पती इट्झाक पर्लमन यांचे नाव तर जगभर ठाऊक आहे. १९४५ साली तेल अवीवमध्ये जन्मलेल्या इट्झाक यांना वयाच्या चौथ्या वर्षी पोलिओ झाला, आणि तेव्हापासून बसूनच वाजवणाऱ्या या कलावंताने व्हायोलिनच्या एकलवादनाचे शिखर गाठले. तेही या शाळेत शिकवत आले आहेत.

या शाळेचे वेगळेपण कळण्यासाठी तिच्या आधीची एक शाळा पाहिली पाहिजे. इव्हान गालामियन या विख्यात व्हायोलिन-गुरूंनी १९४४ साली न्यूयॉर्क राज्याच्याच डोंगराळ उत्तर भागात 'मेडोमाउंट' ही उन्हाळी शाळा काढली. तेथील शिस्त कडक होती. रोज काही तास प्रत्येक मुलाने आपापल्या खोलीत एकट्याने रियाज करायचा, आणि तो चालू आहे की नाही हे बाहेरून ऐकणारी माणसे असत. चेंबर संगीताचे धडेही तेथे होते. जोसेफ गिंगोल्ड यांच्यासारखा थोर शिक्षक ते देत असे. तरीही शाळेचा कणा होता तो एकट्याचा रियाज. या पद्धतीने विसाव्या शतकाला केवढे वादक दिले हे सांगण्याची गरज नाही. इट्झाक पर्लमन त्यांतलेच एक. टोबी आणि इट्झाक यांची ओळखही मेडोमाउंटमध्येच झाली. पुढे स्वतःची शाळा काढताना टोबींनी रियाज ठेवला, कठोर अपेक्षाही ठेवल्या. परंतु मुलाला स्पर्धेच्या धाकाऐवजी आधार मिळावा, असा आग्रह त्यांनी धरला. शेल्टर आयलंडवर मुलांच्या मैफलींनाही 'चालू असलेले काम' अशा अर्थाचे नाव दिलेले असते. वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही आधीच सांगितलेले बरे, की येथे अंतिम निकाल लागत नाही.

आता चेंबर संगीताविषयी दोन शब्द. चेंबर म्हणजे दालन. भव्य सभागृहासाठी नव्हे, तर घरातल्या किंवा वाड्यातल्या दालनासाठी मूठभर वादकांनी वाजवायचे हे संगीत. प्रत्येक स्वरपंक्ती एकाच वादकाकडे असते आणि समोर छडी घेऊन उभा राहणारा संचालक नसतो. त्याचा सर्वांत परिपक्व आकार म्हणजे क्वार्टेट : दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. जोसेफ हायडन यांनी साठांहून अधिक क्वार्टेट लिहून या प्रकाराला घडवले.

संचालक नाही, मग चौघे एकदम सुरू कसे होतात? श्वासाने. ज्याच्याकडे सुरुवात आहे तो लयीत श्वास घेतो, मान किंचित हलवतो, आणि उरलेले तिघे त्या श्वासावर गज ठेवतात. सुराचेही तसेच. पुष्कळ एकलवादक आपला स्वर किंचित चढा ठेवतात, म्हणजे तो वाद्यवृंदातून उठून दिसतो. तोच चढा स्वर चौघांत खुपतो. तेथे चेलोचा खालचा स्वर ऐकायचा आणि आपले बोट केसभर सरकवून त्याच्याशी जुळवून घ्यायचे, हे क्षणोक्षणी करावे लागते. ज्यांनी कॉयरमध्ये आल्टो किंवा टेनर गायले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. धून सोप्रानोकडे असते. परंतु ती आनंदी वाटणार की उदास, हे पुष्कळदा मधल्या आवाजातील एका स्वरावर ठरते. क्वार्टेटमध्ये हे काम दुसऱ्या व्हायोलिनचे आणि व्हिओलाचे. श्रोता सहसा त्यांच्याकडे पाहत नाही. ते गप्प बसले तर मात्र त्याच्या ताबडतोब लक्षात येते.

ही मधली खुर्ची थोरांना कमीपणाची वाटली नाही, याचे दाखले इतिहासात आहेत. १७८४ साली व्हिएन्ना येथे एका घरगुती मैफलीत क्वार्टेट वाजवले गेले. त्यात पहिले व्हायोलिन हायडन यांच्याकडे, दुसरे डिटर्सडोर्फ यांच्याकडे आणि चेलो व्हानहाल यांच्याकडे होता. मोत्सार्ट व्हिओला वाजवीत होते. गायक मायकल केली यांनी आपल्या आठवणींत हे नमूद करून ठेवले आहे. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी त्याच शहरातील एका शाळामास्तरांच्या घरी सुट्टीच्या दिवसांत असेच चौघे बसत. वडील चेलोवर, थोरले दोघे भाऊ व्हायोलिनवर आणि किशोरवयीन फ्रान्झ शुबर्ट व्हिओलावर. वडिलांचा स्वर चुकला की फ्रान्झ प्रथम काही बोलत नसे. पुन्हा चुकला तर, येथे काहीतरी चुकत असावे, असे हळुवारपणे सुचवीत असे. ही आठवण त्याच्या भावाने सांगितली आहे. आपल्या आरंभीच्या क्वार्टेटपैकी कित्येक फ्रान्झने या घरच्या चौकडीसाठीच लिहिले. १८१४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याची पहिली मिस्सा लिख्टेनटाल येथील त्याच्याच धर्मग्रामाच्या चर्चमध्ये गायली गेली.

शुबर्टच्या त्या घरात चुका काढणारा मुलगाच सर्वांत कुशल होता. तरी तो मधल्या खुर्चीवर बसला, आणि वडिलांची चूक दाखवताना त्याने त्यांचा मान राखला. चेंबर संगीत मुलाला हेच शिकवते. आपले कसब पूर्ण वापरायचे, तरी ते दुसऱ्याच्या डोक्यावर आदळू द्यायचे नाही. किशोरवयात हा धडा मिळणे विशेष मोलाचे, कारण हुशार मुलाला त्या वयात आपल्या हुशारीची पहिली नशा चढलेली असते.

शेल्टर आयलंडच्या दिनक्रमाची परीक्षा आम्ही या कसोटीवर करतो. तेथे वैयक्तिक धडे आहेत, एकट्याचा रियाज आहे, मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली चेंबर संगीताच्या तालमी आहेत, तंतुवाद्यांचा वाद्यवृंद आहे. हे सारे इतरत्रही सापडेल. आम्हांला थांबवले ते आणखी एका गोष्टीने. तेथे सगळी मुले कॉयरमध्ये गातात. आवाज चांगला असो वा नसो, व्हायोलिनवर हात कितीही तयार असो, सुटका नाही. शिक्षकही गातात. खुद्द इट्झाक पर्लमन बास आवाजाच्या रांगेत बसतात.

जगातील निवडक तरुण वादकांना जमवून त्यांना रोज गायला बसवण्यात काय साधते? गाताना मुलाच्या हातात वाद्य नसते. ज्या कौशल्यावर त्याची निवड झाली ते कौशल्य तेवढा वेळ बाजूला राहते, आणि तो शेजाऱ्याइतकाच साधा होतो. कुठे श्वास घ्यायचा, वाक्य कुठे संपते, हे त्याला शरीरानेच कळते. दुसऱ्या दिवशी गज ओढताना ते उपयोगी पडते. आणि चाळीस आवाजांत आपला आवाज मिसळून टाकण्याची सवय लागते. आमच्या मते या शाळेतील सर्वांत शहाणा निर्णय हाच आहे. कॉयरमुळे हात बिघडतो असे मानणाऱ्या शिक्षकांनी याचा अवश्य विचार करावा.

मात्र समीक्षकाने केवळ कौतुक करून चालणार नाही. या शाळेत स्पर्धा नाही असे म्हणावे, तर ती दाराशीच संपलेली असते. चाळीस मुले निवडायची म्हणजे अनेकांना परत पाठवायचे. बाराव्या वर्षी निवडीस पात्र ठरणाऱ्या मुलामागे कित्येक वर्षांचे महागडे शिक्षण, चांगले वाद्य आणि वेळ देऊ शकणारे आईवडील असतात. आधार देणारे वातावरण ज्यांना आधीच पुष्कळ आधार मिळाला आहे त्यांच्याच वाट्याला यावे, यात एक विसंगती आहे. दोष या एकाच शाळेचा नव्हे. 'गुणी मुलांसाठी' असे शब्द ज्या ज्या उपक्रमाच्या नावापुढे लागतात त्या सर्वांचा तो आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ज्या शाळेच्या शिरावर जगप्रसिद्ध एकलवादकाचे नाव आहे, तेथे येणाऱ्या मुलाच्या मनात कोणते स्वप्न असेल? दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीचे नक्कीच नसेल. काही आठवडे तो ऐकायला शिकतो, आणि सुट्टी संपताच पुन्हा त्या जगात परततो जेथे एकट्यालाच पारितोषिक मिळते. उन्हाळ्याने पेरलेले वर्षभर टिकते का, याचे उत्तर कोणतीही उन्हाळी शाळा स्वतः देऊ शकत नाही. ते घराने, शिक्षकाने आणि त्याच्या भोवतीच्या समाजाने द्यायचे असते.

हे स्वप्न कसे बदलू शकते याचे एक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. मेहली मेहता यांचा जन्म १९०८ सालचा. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही स्थापन केले. चाळिशीच्या उंबरठ्यावर, संसार मुंबईत ठेवून, ते न्यूयॉर्कला गेले आणि ज्यांचा उल्लेख वर आला त्याच गालामियन यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. नंतर अमेरिकेतील नामांकित कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये त्यांनी काही वर्षे वाजवले. कोणत्या खुर्चीवर? दुसऱ्या व्हायोलिनच्या. ज्याने आपल्या शहरात वाद्यवृंद उभारला आणि त्याचे नेतृत्व केले, तो माणूस फिलाडेल्फियात मधली स्वरपंक्ती सांभाळत होता. १९६४ पासून पुढे तीन दशकांहून अधिक काळ लॉस एंजेलिस येथे तरुण वादकांचा वाद्यवृंद त्यांनी घडवला. त्यांचे सुपुत्र झुबिन यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. पण वडिलांची ती खुर्ची आम्हांला अधिक बोलकी वाटते.

आता आमचा हिशेब. त्या मातेला आम्ही होकार दिला तेव्हा मुलीची सोय पाहिली, असे आम्हांला वाटले होते. वस्तुतः तिच्याजवळ असलेले एकमेव चेंबर संगीत आम्ही काढून घेतले. शेल्टर आयलंड आमच्यापासून फार दूर आहे आणि तेथील निवडीचे दार आमच्या बहुतेक मुलांसाठी उघडणारे नाही. परंतु तेथे ज्या गोष्टीला एवढे महत्त्व दिले जाते ती आपल्या धर्मग्रामात शुल्काशिवाय आणि निवडीशिवाय दर रविवारी उपलब्ध असते : चार आवाज, एक ऑर्गन, दोन-तीन व्हायोलिन, आणि एकमेकांसाठी थांबण्याची गरज. तिचा दर्जा सुधारायला हवा हे खरे. तालमी वेळेवर होत नाहीत, मधल्या आवाजांकडे दुर्लक्ष होते, आणि चांगला वादक मिळाला की त्याला एकट्याला पुढे करण्याचा मोह आम्हा धर्मगुरूंनाच आधी होतो.

पालकांनी मुलांना परीक्षांना अवश्य बसवावे. त्या परीक्षांनी हात तयार होतो आणि शिस्त लागते. पण परीक्षेसाठी कॉयर सोडण्याची परवानगी मागायला यापुढे कोणी आले, तर आमचे उत्तर वेगळे असेल. ती मुलगी आता मोठी झाली आहे. मागच्या महिन्यात आम्ही तिला निरोप पाठवला, की कॉयरमध्ये दुसऱ्या व्हायोलिनला माणूस हवा आहे. उत्तर अजून आलेले नाही. गुरुवारच्या तालमीला एक खुर्ची आम्ही रिकामी ठेवली आहे.