टी-पेशींची निवड आणि जनुक-अभिव्यक्ती : एका रूढ सूत्राची चिकित्सा

थायमस ग्रंथीत विकसित होणाऱ्या टी-पेशीच्या ग्राहीस क्षीण संकेत मिळाल्यास ती जगते, प्रबळ संकेत मिळाल्यास मरते, हे सूत्र पदवी वर्गांत सर्रास सांगितले जाते. हॉगक्विस्ट व सहकाऱ्यांच्या १९९४ मधील प्रयोगांनी त्यास बळ दिले, हे मान्यच करावयास हवे. त्याच वर्षी ग्राहीच्या उत्तेजनाने त्वरित कार्यान्वित होणाऱ्या 'नूर७७' या जनुकाचा पेशीमृत्यूशी संबंध दाखविला गेला. मात्र ते निष्कर्ष मुख्यतः टी-पेशी हायब्रिडोमांवर आधारलेले होते. पुढे २०११ मध्ये 'नूर७७'ला हिरव्या प्रथिनाची जोड दिलेल्या उंदरांत असे आढळले की, नियामक टी-पेशी प्रबळ संकेत घेऊनही जिवंत राहतात. म्हणजे हे जनुक संकेताची तीव्रता दर्शविते, पेशीचे भवितव्य नव्हे.

प्रस्तुत लेखकास याहून गंभीर वाटतो तो पद्धतीचा प्रश्न. उंदरास सीडी३-विरोधी प्रतिपिंड टोचल्यास थायमसमधील पेशी मोठ्या संख्येने मरतात, आणि हा ग्राहीचाच परिणाम मानण्याचा मोह होतो. वस्तुतः या प्रतिपिंडाने ग्रंथीबाहेरील परिपक्व टी-पेशीही चेतविल्या जातात. त्यातून वाढणारी ग्लुकोकॉर्टिकॉइड संप्रेरके थायमस पेशींना मारतात, हे २००२ मध्ये दाखविले गेले आहे. अशा ऊतीवरून मायक्रोॲरेने सिद्ध केलेल्या जनुकसूचीत ग्राहीचा वाटा किती व संप्रेरकाचा किती, हे ती सूची सांगत नाही. परिपक्व टी-पेशी नसलेल्या प्राण्यांशी वा ग्रंथीच्या पात्रस्थ संवर्धनाशी तुलना केल्याविना ती विद्यार्थ्यांपुढे 'निवडीची जनुके' म्हणून ठेवू नये.