आजोबांचे नाव

आईवर लिहिणे मराठीला चांगले साधले आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने (१९३५) ती वाट प्रशस्त करून ठेवली. आजोबांच्या वाट्याला मात्र आपल्या साहित्यात बहुधा झोपाळा, अडकित्ता आणि कनवटीचा खाऊ एवढेच आले. आजोबा गेले की नातवाला भडभडून येते ते अगदी खरे असते. पण तो लिहायला बसला की कागदावर उतरतात ती विशेषणे. प्रेमळ, शिस्तीचे, वरून फणसासारखे काटेरी. मास्तरकीत 'माझे आजोबा' या निबंधाच्या वह्या मी ढिगांनी तपासल्या आहेत. वर्गातल्या साऱ्या वह्यांत मिळून एकच आजोबा असतो, आणि त्याला नाव नसते.

म्हणून पु. ल. देशपांडे यांचा 'ऋग्वेदी' हा लेख मला पुनःपुन्हा वाचावासा वाटतो. 'गणगोत' (१९६६) या संग्रहातला हा लेख पुलंच्या आईच्या वडिलांवर, वामन मंगेश दुभाषी यांच्यावर आहे. वाचकाने आधी मथळ्यापाशीच थोडे थांबावे. आजोबांवरच्या लेखाच्या मथळ्यात आजोबा हा शब्दच नाही! 'ऋग्वेदी' हे दुभाष्यांनी स्वतः घेतलेले टोपणनाव. त्याच नावाने ते ग्रंथकार म्हणून मिरवले. नातवाने लेखाला तेच नाव दिले आणि एका शब्दात आजोबांना त्यांची स्वतंत्र ओळख परत केली. आजोबा हे नाते नातवाच्या जन्मापासून सुरू होते. माणूस त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. गेलेल्या माणसावर लिहिताना त्याचा हा आधीचा काळ त्याला द्यावा लागतो. एरवी उरते ते नातवाचे लाड करून घेतल्याचे पुराण.

आणि ऋग्वेद्यांच्या पदरी देण्यासारखे होतेही. 'आर्यांच्या सणांचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास' हा त्यांचा ग्रंथ. आज आपण फराळाचे ताट समोर ठेवून ज्या सणाचा अंक चाळत आहो, तो सण आला कुठून आणि बदलला कसा, याचा शोध घेणारा हा माणूस. रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'चे इंग्रजी रूप १९१२ साली निघाले आणि १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गीतांना ऋग्वेद्यांनी मराठीत आणले आणि पुस्तकाचे नाव ठेवले 'अभंग गीतांजली'. अनुवादकाची सारी भूमिका या नावात आली. बंगालचा पाहुणा घरी आणायचा, तर त्याला बसायला तुकोबांच्या अंगणातला पाट द्यायचा!

पुलंच्या लेखाचा दुसरा गुण त्यांच्या हसण्यात आहे. त्यांनी आजोबांचा देव्हारा केलेला नाही. आपल्याकडे मेलेल्या माणसाविषयी हसणे अभद्र मानतात. पण ज्याची आपण एरवी थट्टा करू शकत होतो, त्याच्यावर गेल्यानंतर एकाएकी गंभीर व्हायचे, म्हणजे त्याला परका करायचे. पुलंचे हसू माणसाला घरातच ठेवते. 'गणगोत' हे नावही असेच सैल आणि उबदार आहे. त्यात आजोबा आहेत, दिनेश हे लहानगे पोर आहे, आणि रक्ताचे काही नाते नसलेले बेळगावचे रावसाहेबही आहेत.

या नातवाचे आजोबांशी असलेले देणेघेणे शब्दांचेच होते. पाच वर्षांच्या पुरुषोत्तमाला शाळेत म्हणण्यासाठी आजोबांनी दहा ओळींचे भाषण लिहून दिले होते आणि त्याने ते हावभावांसह खणखणीत म्हटले होते. पुढे अवघ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या आवाजाची पहिली संहिता ही अशी आजोबांच्या हातची. मोठेपणी नातवाने आजोबांवर लेख लिहिला, तेव्हा त्या दहा ओळींची परतफेड झाली असे म्हणावे.

पण इथे एक खंतही नोंदवली पाहिजे. लेख इतका गोड उतरला की पुष्कळ वाचकांचे ऋग्वेदी त्या लेखापाशीच सुरू होतात आणि तिथेच संपतात. ज्या नातवाने आजोबांना त्यांचे नाव परत दिले, त्याच्याच कीर्तीमुळे ते लोकांच्या लेखी 'पुलंचे आजोबा' होऊन बसले! हा दोष लेखकाचा नाही, आपला आहे. आपण चित्र पाहून समाधान मानतो आणि माणसाने केलेले काम उघडून पाहत नाही.

आमच्या प्रभादेवीत ही गंमत दगडविटांत उभी आहे. सयानी रस्त्यावर, सिद्धिविनायकाच्या देवळापासून जवळच, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने बांधलेले रवींद्र नाट्य मंदिर आहे. पुढे त्या संकुलाला पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी हे नाव मिळाले. एका आवारात दोन नावे, एक ठाकुरांचे आणि एक पुलंचे. त्या दोघांना एका मराठी घरात जोडणारे तिसरे नाव नाटकाचे तिकीट हातात घेऊन आत शिरणाऱ्या किती जणांच्या मनात येत असेल?

पुलंनी स्वतः मात्र लेख लिहून हात झटकले नाहीत. पन्नाशीत ते बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. 'वंगचित्रे' (१९७४) लिहिले, रवींद्रनाथांवर तीन व्याख्याने दिली. ज्या कवीला आजोबांनी अभंगाच्या पाटावर बसवले, त्याच्या अंगणात जाऊन नातू त्याची भाषा गिरवू लागला. मला यात आजोबांचे श्राद्ध दिसते, आणि ते त्या लेखाहूनही मोठे वाटते.

सगळ्यांचे आजोबा ग्रंथकार नसतात. या परिसरातले कितीतरी आजोबा गिरणीत होते. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्यांतल्या अनेकांचे काम कायमचे सुटले. त्यांची नातवंडे वहीत 'आजोबा गिरणीत होते' एवढेच लिहितात. कोणत्या गिरणीत? साचेखात्यात, की आणखी कुठे? किती साचे सांभाळत? आधी किती वर्षे बदलीवर काढली? गावाहून मुंबईला आले तेव्हा कुणाच्या खोलीत पथारी टाकली? या उत्तरांत जेवढा माणूस सापडेल, तेवढा शंभर विशेषणांत सापडणार नाही.

दिवाळीत घर गोळा होते. आजोबांना त्यांच्या उमेदीत पाहिलेली एखादी आत्या, एखादे थोरले काका अजून समोर बसून चकली मोडत असतील. भिंतीवरच्या तसबिरीला हार घाला, जरूर घाला. पण त्यांना विचारून ठेवा, की हा माणूस आमचा आजोबा होण्याआधी कोण होता.