अहवालाचा वाचक कोण?

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारिटाची कडू चव जिभेला लावल्यावाचून कोकणात फराळाला हात लागत नाही. दिवाळी अंकात एका सरकारी अहवालाचे परीक्षण करावयास घेतले आहे, तेही वाचकांनी तसेच गोड मानून घ्यावे.

अहवाल पश्चिम घाटाचा आहे. २०१० साली केंद्र सरकारने माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि ३१ ऑगस्ट २०११ रोजी तिने आपले काम सादर केले. सुमारे नऊ किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकटी आखून, जंगल, उंची, चढउतार, दुर्मीळ वनस्पती अशा कसोट्यांवर घाटाचे मोजमाप तिने केले. मोजमाप कसोशीचे आहे. पण मला मोठा वाटतो तो त्यामागचा विचार. कोणत्या डोंगराला किती जपायचे ह्याचा शेवटचा निर्णय ग्रामसभांतून वर यावा, असे ही समिती म्हणते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील २५ गावांच्या ग्रामसभांनी आपला मुलूख संवेदनशील ठरवावा असे ठराव केले, त्यांचीही दखल ती घेते. शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना आपल्या शेजारी पाट मांडून बसवावे, हे आपल्याकडे वारंवार घडत नाही.

मग उणे कोठे राहिले? मला वाटते, निवेदनात. गेल्या वर्षी सावंतवाडीकडे आजोळी गेलो होतो, तेव्हा मामांपुढे हा ग्रंथ ठेवला. त्यांनी चष्मा लावून नकाशे उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, "अरे, ह्येच्यात आमचो गाव खंय आसा?" मला उत्तर देता आले नाही. मजकूर इंग्रजी, मोजणी चौकटींची, पण क्षेत्रे जाहीर केली ती अख्ख्या तालुक्यांची. ग्रामसभा सीमा ठरवीपर्यंतची ही तात्पुरती सोय होती, हे पाने उलटल्यावर उमगते. परंतु आपला सारा तालुका 'क्षेत्र एक'मध्ये पडला, एवढेच ऐकणारा शेतकरी पुढची पाने कशाला उलटील?

त्यात सरकारने अहवाल दडवून ठेवला. माहिती आयोगाने आदेश दिल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. मधल्या नऊ महिन्यांत आणि त्यानंतरही अफवांनी स्वतःचा निराळाच अहवाल लिहिला: घर बांधता येणार नाही, शेत कसता येणार नाही. हा दुसरा अहवाल मात्र लोकांच्या भाषेत होता, म्हणून तो घरोघर पोहोचला. पुढे कस्तुरीरंगन समिती आली. २०१३ च्या तिच्या अहवालाने उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग निवडला. उपग्रहाला रान दिसते, रानाविषयीचे बोलणे ऐकू येत नाही. त्याच वर्षी केरळात इडुक्की-वायनाडकडे लोक रस्त्यावर उतरले.

ह्याच्या जोडीला मला एक जुनी संहिता आठवते. १९७० नंतरच्या दशकात वा. द. वर्तक आणि गाडगीळ ह्यांनी देवरायांचा अभ्यास केला. देवराईचा कायदा एका वाक्याचा असतो: इथली काडीसुद्धा घरी न्यायची नाही. मामांच्या नातीलाही तो पाठ आहे. शिवाय तिला हद्दही ठाऊक आहे, कारण हद्द तिने पायांनी शिकलेली आहे. ज्या शास्त्रज्ञाने ती संहिता इतक्या आदराने वाचली, त्याच्याच अहवालाला तिची भाषा लाभली नाही, ही मला ह्या ग्रंथाची शोकांतिका वाटते.

ही निव्वळ शैलीची तक्रार नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी तळिये, ३० जुलै २०२४ रोजी वायनाड: डोंगर खाली आला तो माणसांवर. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी असतील. पण डोंगर बोलू लागला की ते ऐकणारा आणि सांगणारा एका ओटीवर बसलेले असावे लागतात.

विचाराने थोर, कथनाने अपुरा, असा माझा अभिप्राय आहे. मामांचा प्रश्न मी ग्रंथाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवला आहे.