व्हिज्युअल नॉव्हेल : खरेदीचा निर्णय आणि मूल्यमापनाचे निकष

प्रस्तावना :
'व्हिज्युअल नॉव्हेल' हा संगणकीय खेळांतील कथाप्रधान प्रकार प्रामुख्याने जपानमध्ये विकसित झाला. पडद्यावरील स्थिर चित्रे, पार्श्वसंगीत आणि क्रमाने उमटणारा मजकूर हे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होय. मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय छोट्या गटाने निर्माण केलेल्या अशा कलाकृतींना 'इंडी' म्हटले जाते. २००४ मध्ये 'रेनपाय' हे मोफत साधन उपलब्ध झाले आणि हे माध्यम जपानबाहेरील हौशी लेखकांच्याही आवाक्यात आले.

छापील कादंबरी दुकानात चाळता येते. येथे मात्र मजकूर क्रमानेच उलगडत असल्याने आधी किंमत मोजावी लागते आणि नंतर वाचन घडते. त्यामुळे खरेदीचा निर्णय हा साहित्यिक मूल्यमापनाचाच प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात दोन कलाकृतींच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

१. 'हिगुराशी नो नाकु कोरो नी' :
रियुकिशी०७ या टोपणनावाच्या लेखकाची ही कृती २००२ ते २००६ या काळात आठ भागांत प्रसिद्ध झाली. तिचा पहिला भाग तोक्योतील कॉमिकेट या स्वयंप्रकाशकांच्या मेळाव्यात विकला गेला. मूळ आवृत्तीतील पात्रचित्रे लेखकाने स्वतः काढलेली असून ती ओबडधोबड आहेत. वाचकाला कथानक बदलणारा एकही पर्याय मिळत नाही. प्रारंभी खेड्यातील मुलांची थट्टामस्करी दीर्घकाळ चालते आणि भय नंतर अवतरते. चित्रांवरून वा सुरुवातीच्या पानांवरून निर्णय घेणारा ग्राहक ही कृती नाकारण्याचीच शक्यता अधिक. वस्तुतः ती संथ सुरुवातच पुढील भयाचा पाया आहे. पहिले चार भाग प्रश्न उभे करतात, उरलेले चार उत्तरे देतात. पर्याय नसल्यामुळे हा 'खेळ' नव्हे, हा आक्षेपही अपुरा आहे. कारण रहस्याविषयी तर्क करणे हीच येथील वाचकाची क्रीडा आहे. तथापि केवळ पहिला भाग घेणाऱ्याच्या हाती प्रश्नच उरतात, ही मर्यादा मान्य करावी लागते.

२. 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' :
२०१७ मधील ही अमेरिकन कृती मोफत उपलब्ध झाली. तिची विस्तारित आवृत्ती २०२१ मध्ये सशुल्क निघाली. वरकरणी शालेय प्रेमकथा वाटणारी ही रचना प्रत्यक्षात मानसशास्त्रीय भयकथा आहे. येथे समीक्षकापुढे पेच उभा राहतो. स्वरूप सांगितले तर परिणाम उणावतो. लपवले तर आत्मघातासारख्या विषयाला वाचक अनभिज्ञपणे सामोरा जातो. कलाकृती स्वतःच प्रारंभी इशारा देते. समीक्षकानेही घटना झाकाव्यात, परंतु क्लेशाचे स्वरूप झाकू नये.

३. तास आणि किंमत :
'स्टीम' या विक्रीमंचावर २०१५ पासून सर्वसाधारणपणे खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वापर असल्यास पैसे परत मिळू शकतात. हा नियम ग्राहकास उपकारक असला तरी साहित्याचे माप नव्हे. लघुकृती तेवढ्या वेळात वाचून संपते, तर दीर्घकृतीची प्रस्तावनाही संपत नाही. ताशी किंमत काढण्याची पद्धतही सदोष आहे. ती पाल्हाळाला बक्षीस देते आणि संक्षेपाला दंड करते.

निष्कर्ष :
१) लांबी, चित्रांची सफाई व पर्यायांची संख्या हे दुय्यम निकष होत.
२) नमुना-आवृत्ती उपलब्ध असल्यास तिच्यातील गद्याची, आणि अनुवादित कृतीत अनुवादाची, परीक्षा प्रथम करावी.
३) कृती स्वयंपूर्ण आहे की मालिकेचा भाग, हे खरेदीपूर्वी पाहावे.
४) कथानक न फोडता कृतीची प्रकृती सांगणारी समीक्षा या माध्यमाला आवश्यक आहे. तिच्या अभावी निर्णय केवळ जाहिरात आणि सवलत यांच्या हाती जातो, आणि संथ लयीच्या चांगल्या कृती वाचकापर्यंत पोहोचत नाहीत.