‘काळ’ आणि ‘निमित्त’ : ओपेनहायमरच्या गीतास्मरणाचा विचार

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोतील पहिला अणुस्फोट पाहताना रॉबर्ट ओपेनहायमरला भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातील ‘काल’ आठवला, ही कथा सर्वपरिचित आहे. तिचा प्रसिद्ध आधार १९६५ सालचे त्याचे दूरचित्रवाणीवरील निवेदन, म्हणजे वीस वर्षांनंतरचे. स्फोटसमयी जवळ असलेल्या त्याच्या भावाला प्रयोग साधल्याच्या साध्या उद्गारापलीकडे काही स्मरत नव्हते.

या स्मरणावर नेहमीचा आक्षेप भाषांतराचा : ‘काल’ म्हणजे समय, मृत्यू नव्हे. ओपेनहायमरचा संस्कृतचा गुरू आर्थर रायडर याने १९२९ च्या अनुवादात ‘मृत्यू’ हाच अर्थ स्वीकारला होता. मराठी वाचकास हा आक्षेप पोकळ वाटावा. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे सहज बोलणाऱ्या समाजाला काळाची मृत्यूपासून फारकत करण्याचे प्रयोजन पडत नाही.

खरा दोष अन्यत्र आहे. गीतेत स्वतःस काल म्हणविणारा ईश्वर आहे. अर्जुन द्रष्टा आहे. ओपेनहायमर ईश्वराचे वाक्य स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या मनात घालतो आणि पुढच्याच श्लोकातील ‘निमित्तमात्र’ या शब्दाविषयी मौन पाळतो. वस्तुतः त्याच्या बचावास तोच शब्द अधिक सोयीचा होता. परंतु तोही टिकत नाही. थेट लष्करी वापरावाचून पर्याय दिसत नाही, असा अभिप्राय जून १९४५ मध्ये देणाऱ्या चार शास्त्रज्ञांत फर्मीप्रमाणे तोही होता. त्याच महिन्यात जेम्स फ्रांक व सहकाऱ्यांनी निर्जन स्थळी प्रात्यक्षिक सुचविले. जुलैत लिओ झिलार्डच्या विनंतिअर्जावर सत्तर सह्या झाल्या. जोसेफ रॉटब्लॅट तर १९४४ च्या अखेरीसच लॉस अलामॉस सोडून गेला होता. इतरांना जी निवड दिसली ती ज्याने नाकारली, त्याला निमित्तमात्र कसे म्हणावयाचे?

वसमतच्या वाचकाला हे नाव आता दूरचे राहिलेले नाही. शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात अणुऊर्जा विभागाच्या सहभागाने उभारावयाच्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्र शासनाने २०२३ साली मंजुरी दिली. कृष्णविवरांच्या मीलनातून निघणाऱ्या लहरी टिपणे हे तिचे एक कार्य; आणि महाताऱ्याच्या अखंड आकुंचनाची पहिली नेटकी मांडणी ओपेनहायमरनेच स्नायडरसह १९३९ साली केली होती. भौतिकीतील त्याचे हे बहुधा सर्वांत टिकाऊ काम. बॉम्बनंतर तो या विषयाकडे पुन्हा वळला नाही.