शंकेची नागमोडी रेघ

व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही गोष्ट बेलवलीतल्या गणपतीच्या मांडवापासून मुलांच्या कार्टूनपर्यंत सगळीकडे भेटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र ती मुख्य संहितेत नाही, आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. तिला तिथं ठेवणारे संपादक म्हणजे विष्णु सीताराम सुकथनकर.

सुकथनकरांचा जन्म १८८७चा, मुंबईतला. केंब्रिजला ते गणित शिकले. पुढे बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे शाकटायनाच्या व्याकरणावर त्यांनी डॉक्टरेट केली. परतल्यावर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि १९२५ साली महाभारताचं काम हाती घेतलं.

त्यांची पद्धत प्रोग्रॅमरला लगेच कळेल. दोन फायलींत एकच विचित्र चूक दिसली, तर एक दुसरीवरून कॉपी झालेली असणार किंवा दोन्ही तिसऱ्या एकीवरून. हस्तलिखितांचंही तसंच असतं. म्हणून किती पोथ्यांत श्लोक आहे, एवढं मोजून भागत नाही. एकमेकींचा संपर्क नसलेल्या शाखा, उदाहरणार्थ काश्मीरची शारदा लिपीतली आणि दक्षिणेतली, जिथं जुळतात तिथला पाठ जुना धरायचा.

या कामावरचा मोठा आक्षेप असा, की अशी जुळवलेली संहिता कुठल्याही गावात कुणी कधी वाचलीच नव्हती. लोकांचं महाभारत बाजूला ठेवून विद्वानांनी नवंच बनवलं. आक्षेपात तथ्य आहे. पण सुकथनकरांनी हे व्यासांचं मूळ महाभारत असल्याचा दावा कधीच केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागं जाता येईल तितकं जायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वगळलेला मजकूर त्यांनी फेकला नाही, तो तळटीपांत आणि परिशिष्टांत जपला. आणि जिथं खात्री नव्हती तिथं अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. वाचकानं संपादकाशी भांडावं, याची सगळी सामग्री त्याच पानावर आहे.

ओळीओळीची चिरफाड करणाऱ्या या माणसानं शेवटी महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं लिहिली. त्यांत ते या ग्रंथाकडे अखंड कलाकृती म्हणून पाहतात. चौथं व्याख्यान द्यायचं राहिलं; २१ जानेवारी १९४३ला ते गेले. आवृत्ती पुढच्यांनी १९६६ साली पूर्ण केली, १२५९ हस्तलिखितांच्या आधारे. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मागेही हीच संहिता आहे.

‘मूळ महाभारतात असंच आहे’ असं ठणकावणारे मेसेज आपल्या फोनवर रोज येतात. ज्या माणसाला तसं म्हणायचा सर्वांत जास्त अधिकार होता, त्यानं शंकेच्या जागी रेघ मारून ठेवली. त्यांची विद्वत्ता मला तिथं सर्वांत मोठी वाटते.