रोहिणीचे पाणी आणि आपले धम्मवाचन

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वस्तीतल्या विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. काही वर्षे हे वाचन माझ्याकडे आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यातील तंट्याचे प्रकरण मी वाचत होतो. सिद्धार्थाने गृहत्याग केला, आणि त्या दिवशीचे वाचन मी तेथेच थांबवले. 'साधू साधू' झाले. तेवढ्यात मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, "गुरुजी, ते सगळं खरं. पण पाणी कोणाला भेटलं मग?"

मी निरुत्तर झालो. एवढी वर्षे हा ग्रंथ वाचतो, त्यावर व्याख्याने देतो, पण पाण्याचा प्रश्न मला पडला नव्हता. तो त्या बाईला पडला, कारण पाण्यासाठी तिने उभा जन्म रांगेत काढला होता. या ग्रंथाचे वाचन आपण कसे करतो याचा विचार मला तेव्हापासून नव्याने करावा लागला. तो येथे मांडतो.

१९५७ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. तेव्हापासून त्याच्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा रूढ झाल्या. एक पोथीची. ग्रंथ पांढऱ्या वस्त्रात ठेवायचा, वाचायचा आणि मिटायचा. दुसरी पंडितांची. पाली ग्रंथांशी हे कोठे जुळत नाही, याची यादी करायची. मला या दोन्ही तऱ्हा एकाच जातीच्या वाटतात. ग्रंथ आज काय करायला सांगतो, या प्रश्नापासून दोन्ही सुटका करून घेतात.

म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रास्ताविकातच नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नसेल, हे बुद्धीला पटणारे नाही. धर्मानंद कोसंबींनीही 'भगवान बुद्ध' या ग्रंथात ही कथा बाजूला सारून शाक्य-कोलियांच्या कलहाकडे बोट दाखवले होते. बाबासाहेबांनी त्या कलहाचा एक पूर्ण राजकीय प्रसंग उभा केला. या प्रसंगाची रचना नीट पाहिली पाहिजे.

भांडण सुरू होते ते शाक्यांच्या आणि कोलियांच्या नोकरांमध्ये. जखमा होतात त्या नोकरांना. सभा मात्र भरते मालकांची. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उठून म्हणतो की, आगळीक प्रथम कोणी केली हे आधी ठरवा, आपली माणसेही निर्दोष नसल्याचे ऐकतो. मग तो उपाय सुचवतो. दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा. ही सूचना प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावे असा ठराव येतो. सिद्धार्थ नकार देतो. तेव्हा संघ त्याला कोणती भीती घालतो? देहदंडाची, देशत्यागाची, आणि शिवाय कुटुंबावर बहिष्काराची व मालमत्ता जप्त करण्याची.

बहिष्कार! गावाने आपल्यावर शतकानुशतके उगारलेले हत्यार. १९२७ साली ज्याने आपल्या पाक्षिकाचे नावच 'बहिष्कृत भारत' ठेवले, त्या लेखकाच्या हातून हा शब्द सहज उतरला असेल असे मी मानत नाही. शाक्यांचा संघ हे गणराज्य होते, तेथे मतदान होते, आणि तरीही बहुमत एकट्या माणसाला असे चिरडू शकत होते. हा अनुभव आपल्याला परका नाही. म्हणून सिद्धार्थाचा गृहत्याग हा या ग्रंथात वैराग्याचा प्रसंग राहत नाही. तो नकाराचा प्रसंग होतो.

आता म्हातारीचा प्रश्न. उत्तर ग्रंथातच आहे, मी पुढे वाचले नव्हते एवढेच. सिद्धार्थ निघून गेल्यावर लोकांनी युद्धाविरुद्ध निदर्शने केली. दोन्ही पक्षांनी समेट करून रोहिणीच्या पाणीवाटपाचा प्रत्येक तंटा सोडवण्यासाठी एक कायम लवाद मंडळ नेमले. म्हणजे पाणी एकाला मिळाले नाही, दोघांनाही बांधणारी व्यवस्था निर्माण झाली. ही बातमी सिद्धार्थाला कळते. त्याने घरी परतायला हरकत नव्हती. पण तो विचार करतो की, राष्ट्रांमधली भांडणे अधूनमधून होतात, वर्गावर्गांतला संघर्ष मात्र अखंड चालतो आणि जगातल्या दुःखाचे मूळ तेथे आहे. तो परतत नाही. सभेत ज्यांना कोणी बोलावले नाही त्या जखमी नोकरांपर्यंत ग्रंथ येथे पोचतो, असे मला वाटते.

या वाचनाच्या कसोटीवर आपला रोजचा व्यवहार काय दिसतो? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली एखादा तक्रार द्यायला निघाला की गावचे चार प्रतिष्ठित येतात आणि म्हणतात, मिटवून घ्या, तुम्ही तर बुद्धाची लेकरे! अशी एक बैठक मी स्वतः पाहिली आहे. मिटवणारे सगळे एका बाजूचे होते. सिद्धार्थाच्या ठरावात आधी चौकशी आहे, मग दोन्हीकडची सारखी माणसे, आणि पाचवा सर्वांच्या संमतीचा. या तिन्हींपैकी काहीही नसताना शांतीचा उपदेश करणे ही धम्माची थट्टा आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांचा बुद्ध फरक करतो. मार खाणे हा धम्म आहे, असे तो कोठेही म्हणत नाही.

हीच कसोटी जगालाही लावली पाहिजे, आणि येथे आपण कच्चे पडतो. सप्टेंबर २००७ मध्ये म्यानमारच्या भिक्खूंनी भिक्षापात्रे पालथी करून लष्करी सत्ताधाऱ्यांची भिक्षा नाकारली, तेव्हा आपली छाती फुगली. ते योग्यच होते. पण २०१७ साली त्याच देशातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या माणसे घरेदारे जळताना पाहून बांगलादेशात पळाली, आणि त्यापूर्वी त्यांच्याविरुद्ध विष कालवणाऱ्यांत चीवरधारीही होते, तेव्हा आपल्या व्यासपीठांवरून किती आवाज उठले? १९५६ साली आपण नागपूरला दीक्षा घेतली, त्याच वर्षी श्रीलंकेत तमिळांना डावलून केवळ सिंहलीला राजभाषा करण्याचा कायदा झाला आणि त्यासाठी भिक्खूंनी आग्रह धरला होता. भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी प्रास्ताविकात विचारला आहे. तो सेवक असेल तर कोणाचा, हे या देशांनी आपल्याला विचारायला लावले आहे.

आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, आपल्या घरचे जळत असताना ब्रह्मदेशाची उठाठेव कशाला? मित्रांनो, बहुसंख्येच्या धर्माने अल्पसंख्य माणसाला माणूसपणातून हाकलणे, हे तर आपल्याच घरचे जळणे आहे. धर्माचे नाव बुद्धाचे आहे म्हणून ज्वाला थंड होत नाही.

आपल्या कवितेबद्दलही एक तक्रार आहे. संपादकांकडून वाचायला येणाऱ्या कवितांमध्ये बुद्ध बहुधा पिंपळपानाखाली, चंद्रप्रकाशात, मिटल्या डोळ्यांचा असतो. दया पवारांसारख्या कवीने त्याला लेण्यांतून काढून माणसांत चालवले, त्याला बराच काळ लोटला. सभेत एकटा उठून विरोधी मत देणारा सिद्धार्थ मात्र आपल्या कवितेत अजून फारसा आलेला नाही. तरुण कवींनी ते पान उघडावे.

पुढच्या खेपेस मी त्या म्हातारीला उत्तर वाचून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आपल्या गावात असलं मंडळ कधी बसायचं?" त्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात नाही. ते आपल्याला द्यायचे आहे.